बालाघाटातील लेण्यांचे सर्वेक्षण : मोजमाप, नाव आणि स्मृती
(धर्मापुरी, अंबाजोगाई व धाराशिव परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

बीड जिल्ह्यातील धर्मापुरी हे गाव केदारेश्वराच्या मंदिरामुळे अभ्यासकांना परिचित आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातील हे मंदिर आणि त्याच्या बाह्यभिंतींवरील सुरसुंदरींची शिल्पे यांविषयी मराठवाड्याच्या मंदिरस्थापत्यावरील लेखनात आवर्जून उल्लेख येतो. धर्मापुरीच्या पश्चिमेस अंबाजोगाई आहे. तेथे मंदिरांबरोबरच खडकात कोरलेली लेणीही आहेत. बालाघाटाच्या याच पठारी प्रदेशात आणखी दक्षिणेकडे गेल्यास धाराशिव आणि खरोसा येथे लेणीसमूह आढळतात. म्हणजे खडक कोरून देवालय वा विहार निर्माण करण्याची परंपरा आणि दगडावर दगड रचून मंदिर उभारण्याची परंपरा या दोन्हींचा माग या एकाच टापूत घेता येतो.

वेरूळ आणि अजिंठा यांच्या दिगंत कीर्तीमुळे बालाघाटातील ही लेणी काहीशी मागे पडली. असे असले तरी त्यांचे पहिले पद्धतशीर सर्वेक्षण जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी झाले आहे. त्या सर्वेक्षणात काय नोंदविले गेले, काय नोंदीबाहेर राहिले आणि आज याच परिसरात लेणी-सर्वेक्षणाचा एक दिवस योजावयाचा झाल्यास तो कसा असावा, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. लेणे ज्या दिवशी मोजले जाते त्या दिवशी ते इतिहासाच्या साधनांत जमा होते. परंतु मोजणाऱ्याला जे मोजण्याजोगे वाटले तेवढेच जमा होते, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

उद्दिष्टे

1. पश्चिम भारतातील लेणी-सर्वेक्षणाच्या आरंभाचा थोडक्यात आढावा घेणे.
2. 1875-76 च्या हंगामातील बालाघाट परिसराच्या सर्वेक्षणाचे महत्त्व स्पष्ट करणे.
3. धाराशिव व अंबाजोगाई येथील उदाहरणांवरून मोजमाप आणि लोकस्मृती या दोन साधनांचा परस्परसंबंध तपासणे.
4. धर्मापुरी परिसरासाठी सर्वेक्षणाची उपयुक्त दिशा सुचविणे.

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

खडक आणि लेणे

‘गुहा’ आणि ‘लेणे’ हे शब्द व्यवहारात अनेकदा एकाच अर्थाने वापरले जातात. परंतु अभ्यासात त्यांचा भेद ध्यानी ठेवावा लागतो. निसर्गनिर्मित लांबलचक गुहा प्रामुख्याने चुनखडीच्या प्रदेशात तयार होतात, कारण किंचित आम्लधर्मी पाण्यात चुनखडी विरघळते. मेघालयात 1992 पासून झालेल्या देशी-विदेशी गुहासंशोधकांच्या मोहिमांत शेकडो किलोमीटर लांबीच्या गुहांची मोजणी झाली. तेथील क्रेम पुरी ही वालुकाश्मातील गुहा 2018 मध्ये मोजली असता तिची लांबी 24 किलोमीटरहून अधिक भरली.

महाराष्ट्राचा बहुतांश भाग मात्र सुमारे 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी बनलेला आहे. हा काळा पाषाण पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे आपल्याकडील गुहा बहुतेक मानवनिर्मित, म्हणजेच लेणी आहेत. लाव्हाचे थर एकावर एक आडवे पसरलेले असल्याने कारागिरांना एखादा अखंड, घट्ट थर निवडून त्यात आडवे शिरता आले. परंतु दोन थरांमधील तांबड्या मातकट पट्ट्यांतून आणि खडकाच्या उभ्या चिरांतून पाणी झिरपते. लेण्याची आयुर्मर्यादा मुख्यतः या झिरपणाऱ्या पाण्यावर ठरते. खरोसा येथील लेणी तर जांभ्या खडकात कोरलेली असून तेथे शिल्पांची झीज अधिक झालेली दिसते.

‘लेणे’ हा शब्दही या संदर्भात पाहण्याजोगा आहे. नाशिक, जुन्नर, कान्हेरी येथील ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेखांत ‘लेण’ हा शब्द येतो. पाण्याच्या टाक्यासाठी तेथे ‘पोढी’ आणि खोलीसाठी ‘ओवरक’ असे शब्द आहेत. आपल्या देवळांच्या ‘ओवरी’शी या शेवटच्या शब्दाचे नाते सहज ध्यानात येते. दान देणाऱ्याने लेणे दिले, त्यातील खोल्या दिल्या, टाके दिले, अशी मोजून नोंद त्या लेखांत केलेली असते. म्हणजे लेण्याची मोजदाद ही परक्या अभ्यासकांनी प्रथम आणलेली गोष्ट नव्हे. लेणी कोरविणाऱ्यांनीही आपल्या गरजेपुरती ती केली होती. फरक होता तो कशाची मोजदाद करावयाची, याचा.

लेणी-सर्वेक्षणाचा आरंभ

एप्रिल 1819 मध्ये जॉन स्मिथ हा इंग्रज लष्करी अधिकारी अजिंठ्याच्या लेण्यांपाशी पोहोचला आणि युरोपीय जगाचे लक्ष तिकडे वेधले गेले. आरंभीच्या काळात प्रवासवर्णने आणि हातांनी काढलेली चित्रे यांवरच भर होता. जेम्स फर्ग्युसन याने 1843 मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे भारतातील खडकात कोरलेल्या मंदिरांविषयी निबंध वाचला. या वास्तूंची पडझड होण्यापूर्वी त्यांचे नकाशे व चित्रे तयार झाली पाहिजेत, हा विचार यातून बळावला. ईस्ट इंडिया कंपनीने त्यास अनुकूलता दर्शविली. रॉबर्ट गिल याची अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृतींसाठी नेमणूक झाली आणि 1848 मध्ये मुंबईत लेणी-आयोग स्थापन झाला. डॉ. जॉन विल्सन यांनी या आयोगासाठी पश्चिम भारतातील ज्ञात लेण्यांची विस्तृत टिपणे तयार केली.

या कार्यात एतद्देशीय विद्वानांचा वाटा मोठा आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी अजिंठा व इतर ठिकाणच्या लेखांचे वाचन केले. त्यांच्यासाठी प्रवास करून ठसे घेणारे पंडित भगवानलाल इंद्रजी (1839-1888) हे पुढे स्वतः या विषयातील अधिकारी पुरुष ठरले. पश्चिम भारतातील लेण्यांतील लेखांचा संग्रह त्यांनी जेम्स बर्जेस यांच्यासह 1881 मध्ये प्रसिद्ध केला. हॉलंडमधील लायडेन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. लेणी-सर्वेक्षणाचा इतिहास इंग्रज अधिकाऱ्यांच्या नावांनीच सांगण्याची प्रथा आहे. ती अपुरी आहे, हे भगवानलालांच्या एका उदाहरणावरूनही स्पष्ट व्हावे.

तिसरा हंगाम : 1875-76

पश्चिम भारताच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाचे प्रमुख म्हणून जेम्स बर्जेस (1832-1916) यांनी 1874 मध्ये कामास प्रारंभ केला. पहिल्या हंगामात बेळगाव व कलादगी जिल्हे, दुसऱ्यात काठियावाड व कच्छ आणि तिसऱ्या, म्हणजे 1875-76 च्या हंगामात निजामाच्या राज्यातील बिदर व औरंगाबाद हे जिल्हे त्यांनी हाती घेतले. या तिसऱ्या हंगामाचा वृत्तांत 1878 मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाला. खरोसा, धाराशिव, अंबाजोगाई आणि औरंगाबाद येथील लेण्यांचे पद्धतशीर वर्णन व आराखडे या वृत्तांतातून अभ्यासकांपुढे आले. पुढे फर्ग्युसन व बर्जेस यांच्या 1880 मधील भारतीय लेण्यांवरील ग्रंथात या माहितीचा उपयोग करण्यात आला.

या हंगामाचे वेगळेपण समजण्यासाठी त्या वेळची परिस्थिती लक्षात घ्यावी लागते. मुंबई-मद्रास लोहमार्ग 1871 मध्ये पूर्ण झाला होता. परंतु तो सोलापूर-कलबुर्गीकडून जात असल्याने बालाघाटाच्या अंतर्भागात बैलगाडी व घोडा हीच साधने होती. पावसाळा संपल्यानंतर कडक उन्हाळा सुरू होईपर्यंतचे चार-पाच महिने एवढाच कामाचा काळ मिळत असे. छायाचित्रणासाठी त्या काळी काचेवर ओले रसायन लावून ते वाळण्यापूर्वी चित्र घ्यावे लागे. म्हणजे अंधारी खोलीच बरोबर न्यावी लागे. ओला कागद खडकावर ब्रशाने ठोकून लेखाचा ठसा घेतला जाई. अशा अवस्थेत एका ठिकाणी फार दिवस थांबणे शक्य नसे. साहजिकच काय मोजावयाचे आणि काय सोडावयाचे, याची निवड त्या त्या दिवशीच करावी लागे. त्या निवडीचे परिणाम आजवरच्या अभ्यासावर झालेले आहेत.

बर्जेस यांची निवड वास्तुरचनेच्या बाजूने होती. सभागृहाची लांबी-रुंदी, स्तंभांची संख्या व घाट, गर्भगृहाची जागा, मूर्तीचे लक्षण आणि शिलालेख या पाच गोष्टींवर त्यांचा भर होता. त्यामुळे कालनिर्णय आणि पंथनिर्णय यांस भक्कम आधार मिळाला, हे मान्य केलेच पाहिजे. पाण्याच्या वाटा, लेण्याचा चालू वापर, जत्रा, गावकऱ्यांच्या तोंडची नावे या गोष्टींना मात्र त्या चौकटीत दुय्यम स्थान मिळाले.

सर्वेक्षणाचा एक दिवस

लेण्याचा आराखडा कागदावर कसा उतरतो, हे समजल्याशिवाय त्याचे सामर्थ्य आणि मर्यादा ध्यानात येत नाहीत. गुहांची मोजणी करणारे संशोधक सामान्यतः तीन-चार जणांच्या गटाने काम करतात. एक जण टेप धरून पुढे जातो, दुसरा दिशा आणि चढ-उताराचा कोन वाचतो, तिसरा वहीत आकडे व रेखाचित्र उतरवितो. प्रवेशद्वारापाशी पहिला बिंदू निश्चित करून तेथून दुसऱ्या, दुसऱ्याहून तिसऱ्या बिंदूकडे मोजत जावयाचे आणि शक्य असल्यास फेरा पूर्ण करून पुन्हा पहिल्या बिंदूशी यावयाचे, असा क्रम असतो. फेरा पूर्ण झाल्यावर आरंभीचा व अखेरचा बिंदू यांत जो फरक पडतो तोच त्या दिवसाच्या अचूकतेचा दाखला होय. ब्रिटनमधील गुहासंशोधकांच्या प्रचलित श्रेणींनुसार चांगल्या मोजणीत कोनाची चूक 1 अंशाच्या आणि अंतराची चूक 10 सेंटिमीटरच्या आत असावी लागते.

ही अट वरवर सोपी वाटते. परंतु 80 फूट, म्हणजे सुमारे 24 मीटर लांबीच्या सभागृहात एका टोकाला 1 अंशाची चूक झाली, तर दुसऱ्या टोकाला रेषा सुमारे 42 सेंटिमीटर सरकते. एवढ्या फरकाने भिंतींची समांतरता आणि स्तंभांची ओळ यांविषयीचे अनुमान बदलू शकते. कोरताना कारागिरांनी केलेली चूक कोणती आणि मोजताना आपण केलेली चूक कोणती, हे मग सांगता येत नाही.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणात लोहयुक्त चुंबकीय खनिज असते. त्यामुळे भिंतीजवळ होकायंत्राची सुई विचलित होण्याचा संभव असतो. चुनखडीच्या गुहेत जे साधन विश्वसनीय ठरते ते बालाघाटात जसेच्या तसे वापरता येत नाही. यावर जुना आणि सोपा उपाय म्हणजे कर्ण मोजणे. सभागृहाच्या चार बाजू मोजल्या तरी आकृती तिरकी की काटकोनी, हे कळत नाही. दोन्ही कर्ण मोजले की ते तत्काळ कळते. प्रत्येक स्तंभ दोन ज्ञात बिंदूंपासून मोजला तर त्याची जागा त्रिकोणाने निश्चित होते. यासाठी टेप, ओळंबा, पाणसळ आणि संयम एवढेच लागते. लेसर किरणांनी अंतर मोजणारी साधने आज उपलब्ध आहेत. त्यांनी वेळ वाचतो. पण बिंदू कोठे घ्यावयाचा, हे ठरविणारी नजर अभ्यासकाचीच असते.

दिवसाचा क्रमही महत्त्वाचा आहे. सकाळी तिरप्या उन्हात शिल्पांचे उठाव व झिजलेली अक्षरे स्पष्ट दिसतात. ती वेळ छायाचित्रे व लेख यांसाठी राखावी. दुपारी आतल्या भागाची मोजणी करावी. भिंतीवरील छिन्नीच्या खुणांची दिशा, अर्धवट सोडलेली कामे, छतावरील चिरा आणि ओल यांची नोंद आराखड्यावरच करावी. लेणे वरून खाली, छताकडून जमिनीकडे कोरले जाते. म्हणून अपुऱ्या लेण्यात कामाचे टप्पे स्पष्ट वाचता येतात. अजिंठ्याचे क्रमांक 24 चे अपूर्ण लेणे हे याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. सायंकाळी गावात बसून नावे, कथा, जत्रेचे दिवस, पाण्याची आठवण यांची टिपणे घ्यावीत. दिवसाचे हे शेवटचे काम सर्वेक्षणाच्या व्याख्येतच अंतर्भूत आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पुढील दोन उदाहरणांवरून त्याचे कारण स्पष्ट होईल.

धाराशिव : आराखडा आणि कथा

धाराशिव शहराजवळील डोंगरात सात लेण्यांचा समूह आहे. त्यांपैकी दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात सुमारे 80 फूट लांबी-रुंदीचे सभागृह, भोवती खोल्या आणि मागे गर्भगृह अशी रचना आहे. ही लेणी सामान्यतः पाचव्या ते सातव्या शतकातील मानली जातात. ती मूळची बौद्ध की जैन, याविषयी विद्वानांत दीर्घकाळ चर्चा झाली. दुसऱ्या लेण्याचा आराखडा अजिंठ्याच्या वाकाटककालीन विहारांशी मिळताजुळता असल्याने ती मुळात बौद्ध असावीत आणि पुढे त्यांचे जैन लेण्यांत रूपांतर झाले असावे, या मताकडे अनेकांचा कल आहे.

हा सर्व युक्तिवाद मोजमापावर उभा आहे. सभागृहाचा आकार, खोल्यांची मांडणी आणि गर्भगृहाची जागा यांचा अचूक आराखडा उपलब्ध नसता तर अजिंठ्याशी तुलनाच करता आली नसती. मूर्तीचे लक्षण बदलता येते, तिच्यावर नवे कोरीव काम करता येते. पण खडकात एकदा कोरलेले सभागृह मागे घेता येत नाही. आराखड्याचे हे सामर्थ्य आहे.

परंतु याच लेण्यांविषयी दुसरे एक साधन आहे. मुनी कनकामर यांचे ‘करकंडचरिउ’ हे अपभ्रंश भाषेतील काव्य साधारणतः अकराव्या शतकातील मानले जाते. डॉ. हिरालाल जैन यांनी ते संपादित करून 1934 मध्ये विदर्भातील कारंजा येथील जैन ग्रंथमालेत प्रसिद्ध केले आणि त्यातील तेरापूरच्या लेण्याचा संबंध धाराशिवच्या लेण्यांशी जोडला. तेरापूर म्हणजे प्राचीन तगर, आजचे तेर. काव्यात करकंड राजा तेरापूरजवळच्या डोंगरातील लेणे पाहावयास जातो. तेथील पार्श्वनाथाच्या मूर्तीच्या आसनावर त्याला एक गाठ दिसते. ती फोडू नये, आतून पाणी येईल, असे जाणता कारागीर सांगतो. राजा ऐकत नाही. गाठ फुटताच पाण्याचा लोंढा येतो आणि लेणे भरून जाते. पुढे पश्चात्ताप झालेला राजा तेथे नवी लेणी कोरवितो, अशी ही कथा आहे.

कथेतील अद्भुताचा भाग बाजूला ठेवला तरी दोन गोष्टी उरतात. पहिली अशी, की अकराव्या शतकातील कवीला ही लेणी एकाच वेळी कोरलेली वाटत नव्हती. आधी एक जुने लेणे होते आणि नंतर नवी कोरली गेली, ही समजूत त्या काळी प्रचलित होती. दुसरी अशी, की लेण्याच्या आत झरणारे पाणी ही त्या जागेची ठळक ओळख होती. खडकाची फट उघडल्यास पाणी येईल, हे कारागिराच्या तोंडून वदविणारा कवी लेणी कोरणाऱ्यांच्या व्यवसायातील एक खरी भीती नोंदवून ठेवतो. भूवैज्ञानिक आज ज्याला पाण्याचा झिरपा म्हणतात तोच हा विषय आहे. आराखड्यामुळे लेण्याचा पहिला काळ समजण्यास मदत झाली; कथेमुळे त्याची स्थित्यंतरे आणि त्याचा धोका समजण्यास मदत होते. आराखड्यापुरतेच पाहणाऱ्या अभ्यासकाला पाणी हा संवर्धनाचा तांत्रिक मुद्दा वाटेल. कथा वाचणाऱ्याला तो लेण्याच्या इतिहासाचाच भाग असल्याचे उमगेल.

अंबाजोगाई : क्रमांक आणि नाव

अंबाजोगाई हे यादवकाळातील महत्त्वाचे नगर होते. यादव राजा दुसरा सिंघण याचा सेनापती खोलेश्वर याच्याशी संबंधित लेख येथे सापडले आहेत. 1240 मधील लेखानुसार खोलेश्वराची कन्या लक्ष्मी हिने युद्धात पडलेल्या राम या आपल्या भावाच्या स्मरणार्थ मंदिर उभारले. सकलेश्वर अथवा बाराखांबी मंदिराच्या परिसरात 2024 मध्ये झालेल्या उत्खननात आणखी मंदिरांच्या पायाचे अवशेष उघडकीस आले. म्हणजे या नगराची मोजणी अद्याप पूर्ण झालेली नाही.

येथील मुख्य लेणे तीन नावांनी ओळखले जाते : हत्तीखाना, शिवलेणी आणि जोगाईचा मंडप. प्रशस्त स्तंभयुक्त मंडप आणि अंगणातील दगडी हत्ती हे त्याचे वैशिष्ट्य. हत्तीखाना हे नाव हत्तींवरून पडले असावे, हे उघड आहे. शिवलेणी हे नाव शैव शिल्पांवरून आले. तिसरे नाव मात्र आराखड्यावरून कळणार नाही. कोकणातून आलेल्या योगेश्वरीचा विवाह परळीच्या वैजनाथाशी ठरला होता. मुहूर्त टळला आणि वऱ्हाड दगडाचे झाले, अशी कथा या भागात सर्वश्रुत आहे. या कथेत लेण्याचा मंडप हा लग्नमंडप ठरतो आणि अंगणातील हत्ती वऱ्हाडातले. कोकणातील अनेक कुटुंबांची कुलदेवता अंबाजोगाईची योगेश्वरी आहे, ही सामाजिक वस्तुस्थिती या कथेमागे आहे. कोकण, परळी आणि अंबाजोगाई यांना जोडणारी भाविकांची वाट एका लेण्याच्या नावात अशी साठून राहिली आहे.

सर्वेक्षणात लेण्यांना क्रमांक देण्याची पद्धत सोयीची आहे. संदर्भ देणे, तुलना करणे यांसाठी तिला पर्याय नाही. पण क्रमांक लागला की नाव मागे पडते. वेरूळला ‘सुताराची झोपडी’, ‘सीतेची न्हाणी’ अशी नावे क्रमांकांबरोबर टिकली, कारण अभ्यासकांनी ती आवर्जून नोंदविली. लहान लेण्यांच्या वाट्याला हे भाग्य क्वचितच येते.

नावांच्या बाबतीत आणखी एक अडचण अभ्यासकास जाणवते. निजामी राजवटीत अंबाजोगाईचे नाव मोमिनाबाद होते आणि धाराशिव पुढे मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून उस्मानाबाद झाले. 2023 मध्ये ते पुन्हा धाराशिव झाले. हा प्रदेश 1948 मध्ये हैदराबाद संस्थानासह भारतात विलीन झाला, 1956 मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याची स्थापना 1914 मध्ये झाली व गुलाम याझदानी हे त्याचे पहिले संचालक होते. साहजिकच या लेण्यांविषयीचे जुने कागद वेगवेगळ्या नावांखाली व वेगवेगळ्या कचेऱ्यांच्या दप्तरांत विखुरले जाणे अटळ होते. नव्या सर्वेक्षणात प्रत्येक स्थळाची जुनी-नवी सर्व नावे आणि अक्षांश-रेखांश एकत्र नोंदविले, तर पुढील अभ्यासकाचा शोध सुकर होईल.

धर्मापुरी : जागचा दगड आणि हललेला दगड

लेणे जागचे हलत नाही. त्याचे नुकसान होते, पण त्याचा प्रत्येक भाग आपल्या मूळ स्थानीच असतो. मंदिराचे तसे नाही. धर्मापुरीस केदारेश्वराचे मंदिर उभे आहे. मात्र गावातील किल्ल्याच्या बांधकामात जुन्या मंदिरांचे कोरीव दगड वापरलेले दिसतात. हे दगड कोणत्या मंदिराचे, त्या मंदिराचा आकार काय, गर्भगृह कोणत्या दिशेस होते, या प्रश्नांची उत्तरे दगडांच्या विस्थापनामुळे अवघड झाली आहेत.

येथे लेणी-सर्वेक्षणाची पद्धत उपयोगी पडू शकते. गुहेत ज्याप्रमाणे एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूकडे मोजत जातात, त्याप्रमाणे तटबंदीचे भाग पाडून प्रत्येक कोरीव दगडाला क्रमांक द्यावा; त्याची लांबी, रुंदी, उंची, कोरीव कामाचा प्रकार आणि भिंतीतील स्थान यांची नोंद करावी. स्तंभाचे तुकडे, द्वारशाखेचे भाग, छताच्या शिळा आणि अधिष्ठानाचे थर वेगळे केल्यास एका मंदिराचे दगड कोणते आणि दुसऱ्याचे कोणते, याचा अंदाज बांधता येईल. गो. बं. देगलूरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी मराठवाड्यातील मंदिरांच्या रचनेचा अभ्यास करून तुलनेसाठी चौकट तयार करून ठेवली आहे. तिच्याशी धर्मापुरीच्या दगडांची मापे ताडून पाहता येतील.

दगड भिंतीत बसविले गेले, हाही इतिहासच आहे. म्हणून मूळ मंदिराच्या शोधासाठी तटबंदी उकलण्याचा विचार इष्ट नव्हे. दगडाचे पहिले आयुष्य आणि दुसरे आयुष्य ही दोन्ही एकाच नोंदीत आली पाहिजेत. त्यासाठी मोजणी हाच एकमेव निरुपद्रवी मार्ग आहे.

सर्वेक्षणाची निकड

30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे किल्लारी येथे झालेल्या भूकंपाने लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. स्थिर समजल्या जाणाऱ्या या पठारावर असा आघात होऊ शकतो, हे त्या दिवशी कळले. मनुष्यहानीपुढे वास्तूंचा विचार गौण ठरतो, हे खरे आहे. तरीही इतिहासाच्या अभ्यासकाने एक प्रश्न विचारला पाहिजे : किल्लारीपासून फार दूर नसलेल्या खरोशाच्या लेण्यांत आज दिसणारी एखादी चीर भूकंपापूर्वीची की नंतरची, हे कशावरून ठरवावयाचे? चिरांची नोंद असलेला दिनांकित आराखडा असेल तरच याचे उत्तर देता येते. 1875-76 च्या आराखड्यांत लेण्याचा आकार आहे. चिरांची स्थिती हा त्या सर्वेक्षणाचा विषय नव्हता. तेव्हा दर काही वर्षांनी त्याच बिंदूंपासून पुन्हा मोजणी करणे, हा संवर्धनाचा पाया ठरतो.

हे काम मोठ्या संस्थांनीच करावे, असे नाही. पंचवीस विद्यार्थ्यांचा वर्ग, चार टेप, ओळंबे, कॅमेरा आणि वह्या एवढ्या सामग्रीवर एका लेण्याचा विश्वसनीय प्राथमिक आराखडा तयार होऊ शकतो. संबंधित पुरातत्त्व खात्याची परवानगी घेणे, खडकावर खडू वा रंगाची खूण न करणे, वटवाघळांच्या वसतीस त्रास न देणे आणि पाण्याच्या टाक्यात न उतरणे हे नियम पाळावे लागतील. इतिहास, भूगोल आणि मराठी या तीन विभागांनी एकत्र येऊन हा उपक्रम केल्यास मोजमाप, खडक आणि कथा यांची नोंद एकाच दिवसात होईल. आंतरविद्याशाखीय अभ्यासाचे याहून स्वाभाविक उदाहरण आपल्या परिसरात मिळणे कठीण.

निष्कर्ष

1. 1875-76 च्या सर्वेक्षणामुळे धाराशिव, अंबाजोगाई व खरोसा येथील लेणी तुलनात्मक अभ्यासाच्या कक्षेत आली. कालनिर्णय व पंथनिर्णय यांविषयीची नंतरची चर्चा या पायावर उभी राहिली.

2. त्या सर्वेक्षणाचा भर वास्तुरचनेवर असल्याने पाणी, वापर, नावे आणि लोककथा यांची नोंद तुलनेने कमी झाली.

3. ‘करकंडचरिउ’मधील कथा आणि योगेश्वरीच्या विवाहाची कथा ही लेण्यांच्या इतिहासाची दुय्यम नव्हे, तर पूरक साधने आहेत. एकीतून लेण्यांचे टप्पे व पाण्याचा धोका कळतो, दुसरीतून भाविकांच्या वाटा आणि प्रदेशांचे नाते कळते.

4. दख्खनच्या चुंबकीय खडकात होकायंत्रावर विसंबणे धोक्याचे असल्याने कर्ण व त्रिकोण यांवर आधारित मोजणी अधिक सुरक्षित ठरते.

5. धर्मापुरीच्या तटबंदीतील कोरीव दगडांची क्रमवार मोजणी केल्यास तेथील लुप्त मंदिरांविषयी नवी माहिती हाती येऊ शकते.

6. किल्लारीच्या अनुभवानंतर चिरा व ओल यांची दिनांकित नोंद ही लेण्यांच्या संरक्षणाची पूर्वअट मानली पाहिजे.

खडकातील अक्षरे झिजतात, कथा सांगणारी पिढी सरते आणि चिरा वाढत जातात. यांपैकी अक्षरांचे ठसे शंभर-दीडशे वर्षांपूर्वी घेतले गेले म्हणून आज त्यांचा अभ्यास होऊ शकतो. चिरांची आणि कथांची नोंद करण्याचे काम आपल्या पिढीकडे आले आहे. बालाघाटातील एखाद्या महाविद्यालयाने हिवाळ्यातील एक दिवस त्यासाठी दिला, तर पुढील अभ्यासकाला आज आपणांस पडलेले निम्मे प्रश्न पडणार नाहीत.